बीजांची संख्या म्हणजे जननक्षमता नव्हे

प्रजननक्षमतेच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात येतो तेव्हा त्यावर सहसा सात-आठ नावं असतात. एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिऑल, प्रोलॅक्टिन, थायरॉइडसाठी टीएसएच, कधी प्रोजेस्टेरॉन, कधी टेस्टोस्टेरॉन आणि हल्ली जवळजवळ नेहमीच एएमएच, म्हणजे अंडाशयात बीजं साधारण किती शिल्लक आहेत याचा अंदाज देणारं संप्रेरक. यातल्या शेवटच्या नावापुढे ‘कमी’ असं छापलेलं असलं की बाकीचे सगळे आकडे नजरेआड होतात. पाळी नियमित असलेली, कसलीही तक्रार नसलेली, मूल हवं की नको हेही अजून न ठरवलेली तिशीतली मुलगी तो एक शब्द वाचते आणि त्याचा अर्थ ‘मला मूल होणार नाही’ किंवा ‘आता फार थोडे महिने उरलेत’ असा लावते. हा अर्थ तिने मनाने काढलेला नसतो. तपासणी विकणाऱ्या जाहिरातीनेच तो तिच्यापर्यंत पोचवलेला असतो: रक्ताचा एक नमुना द्या आणि तुमची जननक्षमता जाणून घ्या.

माझं म्हणणं सरळ आहे. हा दावा टिकत नाही. तो टिकत नाही हे दाखवणारा चांगला अभ्यास २०१७ पासून सर्वांसमोर आहे. तरीही निरोगी स्त्रियांना याच दाव्यावर ही तपासणी विकली जाते, आणि ते थांबलं पाहिजे. तपासण्यांना माझा विरोध नाही. योग्य प्रश्न मनात धरून केल्या तर त्या फार मोलाच्या आहेत, आणि त्यांनी कित्येक जोडप्यांची वर्षानुवर्षांची फरफट वाचवली आहे. पण रक्ताला ज्या गोष्टीची माहितीच नाही ती त्याला विचारायची आणि आलेल्या आकड्यावर एखाद्या बाईने आयुष्याचे निर्णय घ्यायचे, हे अन्यायाचं आहे.

आधी या तपासण्या नेमकं काय मोजतात ते पाहू. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं सोडते. एफएसएचमुळे अंडाशयातले बीजकोष, म्हणजे बीज असलेल्या छोट्या पिशव्या, वाढायला लागतात. वाढणारे बीजकोष इस्ट्रॅडिऑल तयार करतात आणि रक्तातलं इस्ट्रॅडिऑल वाढलं की पीयूषिका एफएसएचचा जोर कमी करते. उलट अंडाशयाकडून पुरेसा प्रतिसाद येईनासा झाला की पीयूषिका जोर वाढवत जाते. म्हणूनच पाळीच्या सुरुवातीला एफएसएच जास्त येणं हे अंडाशयाची ताकद उतरणीला लागल्याचं लक्षण समजतात. हे मोजायचं ते पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आत, आणि सोबत इस्ट्रॅडिऑल मोजून. त्या दिवसांत इस्ट्रॅडिऑल आधीच वाढलेलं असेल तर ते एफएसएचला दाबून ठेवतं आणि काळजी करण्यासारखा आकडा चांगला दिसतो. एकटा एफएसएच वाचून ‘सगळं ठीक आहे’ म्हणणं किती कच्चं आहे, ते यावरून लक्षात येईल.

हे सगळं आज इतकं सहज झालंय की त्यामागचा पल्ला आपण विसरतो. संप्रेरकं रक्तात इतक्या अल्प प्रमाणात असतात की फार काळ ती प्राण्यांवरचा परिणाम पाहूनच ओळखावी लागत. १९२७ च्या सुमारास आश्हाइम आणि त्सोंडेक यांनी शोधलेल्या गर्भधारणेच्या तपासणीत बाईची लघवी कोवळ्या उंदरीणीला टोचून तिच्या अंडाशयात काय बदल होतो ते पाहत. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस रेडिओइम्युनोअ‍ॅसे ही पद्धत विकसित केली आणि रक्ताच्या थेंबातलं संप्रेरक नेमकं मोजता येऊ लागलं. त्यासाठी यॅलो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते. एवढ्या कष्टाने मिळालेलं साधन आपण कशासाठी वापरतो, याची जबाबदारीही म्हणूनच मोठी आहे.

आता वेळेचा मुद्दा. दिवस चुकला तर आकड्याला काही अर्थच उरत नाही, हे प्रोजेस्टेरॉनच्या बाबतीत सर्वांत ठळकपणे दिसतं. बीजकोषातून बीज बाहेर पडलं की तिथे उरलेल्या पिवळ्या ग्रंथीतून प्रोजेस्टेरॉन येतं आणि साधारण आठवडाभराने ते सर्वाधिक असतं. त्या वेळी ते मिलिलीटरला ३ नॅनोग्रॅमच्या वर असलं तर बीज बाहेर पडलं असा निष्कर्ष काढतात. मात्र ‘एकविसाव्या दिवशी रक्त द्या’ हा सल्ला सरसकट दिला जातो, आणि तो फक्त २८ दिवसांच्या पाळीला लागू आहे. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिचं बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. तिचं रक्त अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायला हवं. एकविसाव्या दिवशी घेतलं तर प्रोजेस्टेरॉन कमी येणारच. मग ‘ओव्ह्युलेशन होत नाही’ असा शिक्का बसतो आणि गोळ्या सुरू होतात. शिवाय हे संप्रेरक सलग न झिरपता लाटांनी येतं आणि काही तासांत कित्येक पटींनी खालीवर होऊ शकतं. पुढची पाळी कधी अपेक्षित आहे हे विचारून त्याच्या सात दिवस आधीची तारीख देणं इतकं साधं काम आहे हे. पण ते विचारायला कुणीतरी समोर लागतं. इंटरनेटवर पॅकेज मागवलं, कुणी घरी येऊन नमुना घेऊन गेलं, तर हा प्रश्न विचारणारं माणूसच मधून निघून जातं.

प्रोलॅक्टिनचंही तसंच. सुई पाहून धसका घेतला, झोप नीट झाली नाही, तरी ते थोडं वाढतं. काहींच्या रक्तात प्रोलॅक्टिन प्रतिपिंडाला चिकटून मोठ्या रेणूच्या रूपात फिरतं. यंत्र ते मोजतं, शरीरावर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून थोडं वाढलेलं प्रोलॅक्टिन शांतपणे पुन्हा तपासावं आणि मगच पुढचं पाहावं.

एक गोष्ट तर कित्येक ठिकाणी विचारलीच जात नाही. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या बऱ्याच लॅबमधल्या तपासणीच्या रसायनातच ढवळाढवळ करतात, कारण त्या पद्धतीत बायोटिन हाच एक दुवा असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला. अशा लॅबमध्ये एफएसएच, एलएच, टीएसएच खोटेच कमी दिसू शकतात आणि इस्ट्रॅडिऑल, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन खोटेच जास्त. म्हणजे जिचं अंडाशय खरोखर थकलंय तिचा वाढलेला एफएसएच केसांच्या गोळीमुळे नॉर्मल छापला जाऊ शकतो. लॅबने काम चोख केलं, यंत्रही बिघडलेलं नाही, तरी रिपोर्ट चुकीचा.

दिवस मोजण्याच्या कटकटीतून एएमएच सुटका करतं, आणि त्याच्या लोकप्रियतेचं खरं कारण तेच. पाळीच्या कोणत्याही दिवशी रक्त दिलं तरी चालतं. एकच आकडा. वाचायला सोपा, विकायलाही सोपा.

एएमएचची गोष्ट मूळची पुरुषगर्भाची आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेद जोस्त यांनी १९४०च्या दशकात सशांच्या गर्भांवर प्रयोग करून दाखवलं की नरगर्भाच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉनखेरीज आणखी काहीतरी पाझरतं, आणि त्यामुळे ज्या नलिकांचं पुढे गर्भाशय झालं असतं त्या विरून जातात. ते ‘काहीतरी’ म्हणजे एएमएच. स्त्रीच्या अंडाशयात तेच संप्रेरक नुकतेच वाढीला लागलेले छोटे बीजकोष तयार करतात. बीजकोष साधारण ८ मिलिमीटरच्या पुढे गेला की त्याचं एएमएच घटत जातं. म्हणून रक्तातलं एएमएच म्हणजे अंडाशयात सध्या असे छोटे बीजकोष किती आहेत याचा अंदाज, आणि त्यावरून मागे शिल्लक साठा किती असेल याचा अंदाज. इथवर विज्ञान पक्कं आहे. मुलगी आईच्या पोटात वीस आठवड्यांची असताना तिच्याकडे साठ-सत्तर लाख बीजं असतात, जन्मताना दहा ते वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख, आणि पाळी जाताना हजारभर. त्यातली आयुष्यभरात बाहेर पडतात ती चार-पाचशे. बाकीची कुणी वापरली नाहीत तरी आपोआप नाहीशी होतात. एएमएच या उतरणीवर तुम्ही कुठे आहात ते अदमासे दाखवतं.

पण दिवस राहायला त्या महिन्यात एक बीज लागतं. ते एक बीज चांगलं आहे का, त्याची गुणसूत्रं नीट विभागली जातात का, हे वयावर फार अवलंबून असतं आणि एएमएचमध्ये उमटत नाही. कणगीत किती दाणे आहेत हे मोजून हातातला दाणा रुजेल की नाही ते कळत नाही.

हा नुसता तर्क नाही, तो तपासून पाहिला गेलाय. त्याची हकिगत सांगण्यासारखी आहे. अ‍ॅन स्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २०११ मध्ये सुमारे शंभर स्त्रियांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचं एएमएच कमी त्यांना दिवस राहण्याची शक्यता कमी, असा त्याचा कल होता. एवढ्या छोट्या अभ्यासावर विसंबून न राहता त्याच संशोधकांनी मोठा अभ्यास हाती घेतला. तो २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, नुकतेच प्रयत्न सुरू केलेल्या ७५० स्त्रिया. वय वगैरे गोष्टी हिशेबात धरल्यावर सहा पाळ्यांच्या आत दिवस राहण्याची शक्यता कमी एएमएच असलेल्यांत ६५ टक्के, नॉर्मल असलेल्यांत ६२. बारा पाळ्यांच्या आत ८४ टक्के आणि ७५. एफएसएच वाढलेल्यांतही तेच: सहा पाळ्यांत ६३ विरुद्ध ६२, बारांत ८२ विरुद्ध ७५. कमी एएमएच असलेल्यांचे आकडे वरचढ दिसतात म्हणून ते चांगलं, असा अर्थ काढायचा नाही. हा फरक योगायोगाच्या कक्षेतला आहे. अर्थ एवढाच की अशा स्त्रियांमध्ये या तपासण्या पुढचं काही सांगत नाहीत. आपलाच आधीचा निष्कर्ष मोठ्या अभ्यासाने मोडून काढणाऱ्या त्या संशोधकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. अमेरिकेतल्या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये लेखी मत दिलं की वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या स्त्रीला तिच्या जननक्षमतेबद्दल सल्ला देण्यासाठी एएमएच वापरू नये. तरीही विक्री चालू आहे.

यात नुकसान काय, असं कुणी विचारेल. एक आकडा जास्त कळला, बिघडलं काय? बिघडतं ते दोन्ही बाजूंनी.

कमी आकडा आला की भीती. त्या भीतीपोटी लग्नाचे, नोकरीचे, नात्याचे निर्णय घाईने होतात. पुढच्यासाठी बीज गोठवून ठेवण्याचा प्रस्ताव बहुतेकदा त्याच ठिकाणाहून येतो जिथे तपासणी झाली. बीज गोठवण्याला माझा आक्षेप नाही. विचार करून, वयाचा हिशेब मांडून कुणी तो निर्णय घेतला तर तो तिचा अधिकार आहे. एकदा गोठवायचं ठरलं की एएमएच उपयोगीही पडतं, कारण इंजेक्शनांनंतर साधारण किती बीजं मिळतील आणि औषधाची मात्रा किती ठेवावी ते त्यावरून ठरतं. पण गोठवायचं की नाही हे ठरवायला ते कामाचं नाही. विक्री मात्र याच दोन गोष्टींची सरमिसळ करून होते.

चांगला आकडा आल्याने होणारं नुकसान मला याहून गंभीर वाटतं, कारण ते कुणाला दिसत नाही. चाळिशीला पोचलेल्या बाईचं एएमएच तिच्या वयाच्या मानाने उत्तम आलं, तिला ‘तुमचा साठा छान आहे’ असं सांगितलं गेलं आणि तिने आणखी दोन-तीन वर्षं थांबायचं ठरवलं. साठा छान असेलही. पण बीजं तिच्या वयाचीच आहेत; गुणसूत्रांच्या चुकांचं आणि गर्भपाताचं प्रमाण वयाप्रमाणेच वाढतं. पुढे तिला अपयश आलं तर त्याचा दोष त्या रिपोर्टला कुणी देत नाही. पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असलेल्या मुलीचं एएमएच बऱ्याचदा खूप जास्त येतं, कारण छोटे बीजकोष पुष्कळ असतात. तिची अडचण वेगळीच असते: त्यातला एकही नियमितपणे पक्व होऊन फुटत नाही. तिला हा आकडा ‘उत्तम’ म्हणून दाखवला तर तिची खरी तक्रार झाकली जाते.

आणि आकडा मुळात किती पक्का? गर्भनिरोधक गोळ्या घेत असताना एएमएच बऱ्यापैकी उतरतं आणि गोळ्या थांबवल्यावर काही महिन्यांत पुन्हा चढतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर त्याच रक्ताचे आकडे वेगळे येतात. काही लॅब नॅनोग्रॅममध्ये छापतात, काही पिकोमोलमध्ये, आणि दोन्हींत सुमारे सातपटींचा फरक आहे. दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘वर्षभरात इतकं घसरलं’ म्हणून हादरणाऱ्या बायका आहेत. काही रिपोर्टांवर सगळ्या वयांसाठी एकच रेंज छापलेली असते, त्यामुळे अडतीस वर्षांच्या बाईला तिच्या वयाला साजेसा आकडाही ‘कमी’ म्हणून लाल अक्षरांत वाचावा लागतो.

मग या तपासण्या कुणासाठी? आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करायचं ठरलेल्या स्त्रीला एएमएच हवंच. त्यावरून औषधाची मात्रा ठरते आणि अंडाशय गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होण्याचा धोका आधी ओळखता येतो; तो धोका जिवावर बेतू शकतो. कर्करोगाच्या औषधांआधी आणि नंतर अंडाशयाची स्थिती समजायला एएमएच मदत करतं. पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रौढ स्त्रियांमध्ये निदानासाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच वापरायला मुभा दिली आहे. पाळी अनियमित झालेल्या किंवा थांबलेल्या तरुण मुलीचं एफएसएच, प्रोलॅक्टिन आणि टीएसएच तपासणं तर टाळताच येणार नाही. चाळिशीच्या आत अंडाशय काम थांबवण्याचा विकार निदान शंभरातल्या एकीला होतो आणि तो वेळेत कळला तर मुलाच्या प्रश्नाबरोबर हाडांची आणि हृदयाचीही काळजी घेता येते. आईची किंवा बहिणीची पाळी फार लवकर गेली असेल, अंडाशयावर शस्त्रक्रिया झाली असेल, तर कसलीही तक्रार नसताना तपासून घ्यायलाही माझी हरकत नाही. या प्रत्येक उदाहरणात रक्ताला एक नेमका प्रश्न विचारलाय, आणि उत्तर मिळाल्यावर काय करायचं तेही ठरलंय.

रक्तात जे दिसतच नाही त्याची यादीही मोठी आहे. गर्भनलिका उघड्या आहेत का? क्ष-किरण किंवा सोनोग्राफीच्या वेगळ्या तपासणीशिवाय कळत नाही. गर्भाशयात गाठ किंवा पडदा आहे का? रक्त सांगणार नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा विकार, एंडोमेट्रिओसिस? नाही. सगळी संप्रेरकं नॉर्मल असलेल्या बाईच्या दोन्ही नलिका बंद असू शकतात.

आणि पुरुष. दिवस राहत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. त्यासाठीची पहिली तपासणी, वीर्यतपासणी, सुईशिवाय होते. तिच्यासाठी पाळीचा दिवस मोजावा लागत नाही. तरी ती शेवटी होते. बाईच्या तीन-तीन महिन्यांच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफ्या, कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियासुद्धा उरकते, आणि मग कुणाला तरी आठवतं की नवऱ्याची तपासणी राहिलीच. याला मी निष्काळजीपणा म्हणत नाही, ही पद्धतच झाली आहे. फक्त स्त्रियांना उद्देशून विकली जाणारी जननक्षमतेची पॅकेजेस ती आणखी घट्ट करतात. मूल होणं ही दोघांची गोष्ट असताना तिचं मोजमाप एकटीच्या दंडातून काढलेल्या रक्तावर होतं.

पुरुषांच्या बाबतीतही रक्ताचा आकडा कसा फसवतो पाहा. टेस्टोस्टेरॉन सकाळी, उपाशीपोटी आणि कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा तपासायचं असतं, कारण दिवस चढेल तसं ते उतरतं. कमी आलं म्हणून, किंवा व्यायामशाळेत कुणी सांगितलं म्हणून, एखादा टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतो. रक्तातला आकडा झकास होतो. पण बाहेरून संप्रेरक मिळतंय म्हटल्यावर पीयूषिका एलएच आणि एफएसएच थांबवते, वृषणाला आतून मिळणारी चालना बंद होते आणि शुक्राणू घटत घटत शून्यावरही येतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या सुमारास पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून याच इंजेक्शनांची चाचणी घेतली होती, यातच सगळं आलं. मूल हवं असलेला माणूस रिपोर्ट सुधारण्यासाठी जे घेतो तेच त्याच्या मुलाच्या आड येतं.

वीर्यतपासणीतही आकड्यांचा अर्थ समजून घ्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत शुक्राणूंच्या संख्येची खालची मर्यादा एका मिलिलीटरला १ कोटी ६० लाख दिली आहे. ही मर्यादा आली कुठून? ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांच्या नमुन्यांतून. त्यातले पाच टक्के पुरुष या आकड्याच्या खाली होते आणि तरी बाप झाले. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा ताप आजच्या नमुन्यात दिसू शकतो. एकच नमुना पाहून निकाल देऊ नये हे इथेही लागू.

एक आक्षेप मी गांभीर्याने घेते. ‘माझ्या शरीराची माहिती मला मिळण्याचा अधिकार आहे. डॉक्टरांनी ठरवायचं की मी काय जाणून घ्यावं?’ स्त्रियांना त्यांच्याच शरीराबद्दल अंधारात ठेवण्याचा इतिहास मोठा आहे, आणि या प्रश्नामागचा राग खरा आहे. मी तपासणीवर बंदी मागत नाही. कुणाला आपलं एएमएच मोजायचंच असेल तर तिने मोजावं. पण जाणण्याच्या अधिकारात आकड्याबरोबर त्याचा अर्थही आला. ‘हा आकडा तुम्हाला मूल होईल की नाही हे सांगत नाही’ हे वाक्य रक्त देण्याआधी तिला दिसलं नसेल, तर तिच्या अधिकाराचा उपयोग फक्त विक्रीसाठी झाला. आणि जी माहिती खरोखर कामाची आहे ती बिनतपासणीची आहे: तिशीच्या मध्यानंतर दर वर्षाने शक्यता कमी होत जाते, चाळिशीच्या आसपास झपाट्याने. ही माहिती सावकाश, न घाबरवता, मुलींना आणि मुलांनाही तरुणपणीच मिळायला हवी. ती विकता येत नाही म्हणून तिची जाहिरात होत नाही.

म्हणून काही गोष्टी नियमाने व्हाव्यात असं माझं मत आहे. एएमएच किंवा कोणत्याही रक्ततपासणीला ‘जननक्षमतेची तपासणी’ किंवा ‘फर्टिलिटी स्कोअर’ म्हणून जाहिरात करायला मनाई असावी. रक्त घेण्यापूर्वी पाळीचा दिवस, पाळीचं चक्र किती दिवसांचं, गर्भनिरोधक गोळ्या, बायोटिन आणि इतर औषधं हे विचारून रिपोर्टवर छापलं जावं. हे रकाने रिकामे असतील तर रिपोर्ट अपुरा समजावा. एएमएचची रेंज वयानुसार द्यावी आणि ती कोणत्या किटची आहे ते लिहावं. जो तपासणी करतो त्यानेच त्याच रिपोर्टच्या आधारे गोठवणुकीचं पॅकेज विकू नये. मध्ये त्या व्यवहारात पैसे नसलेल्या डॉक्टरचा सल्ला असावा. आणि दिवस राहत नाहीत म्हणून जोडपं आलं तर बाईच्या रक्तासोबत पहिल्याच दिवशी पुरुषाच्या वीर्यतपासणीची चिठ्ठी दिली जावी. यातलं काहीही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे ते विक्रीचं गणित सोडणं.

ज्या मुलीच्या हातात तो ‘कमी’ लिहिलेला रिपोर्ट आधीच आहे, तिने आधी एवढं पाहावं: त्या वेळी गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या का, रेंज आपल्या वयाची आहे का, पाळी नियमित येते का. पाळी बिघडलेली असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे लवकर जावं, कारण तिथे हा आकडा खरंच काही सांगत असू शकतो. पाळी नियमित असेल आणि मूल हवं असेल, तर प्रयत्न सुरू करावेत. पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तीस उलटली असेल तर सहा महिने. तेवढ्यात दिवस राहिले नाहीत तर दोघांनी मिळून तपासणीला जावं आणि वीर्यतपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी. मूल आत्ता नकोच असेल, तर त्या एका आकड्याच्या धाकाने ते हवंसं करून घ्यायचं कारण नाही.